ग्रेनेडवर झेप घेऊन ‘शेमा इस्राएल’ म्हणणारा इस्रायली अधिकारी खरंच होता का?

हो, ही घटना खरी आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव मेजर रोई क्लाइन. इस्रायली सैन्याच्या गोलानी या पायदळ ब्रिगेडच्या ५१व्या बटालियनचे ते उपप्रमुख होते. २६ जुलै २००६ रोजी दक्षिण लेबनॉनमधल्या बिंत जबेल गावात हिजबुल्लाशी लढताना भिंतीपलीकडून ग्रेनेड आला आणि आपले जवान वाचावेत म्हणून ते त्यावर पडले. त्या लढाईत गोलानीचे आठ जण गेले. क्लाइन वेस्ट बँकमधल्या एली या ज्यू वस्तीत राहत आणि सैन्यात जाण्याआधी तरुणांची तयारी करून घेणाऱ्या तिथल्याच धार्मिक शाळेत शिकले होते. मागे पत्नी आणि दोन लहान मुलगे राहिले. हिब्रू पंचांगाप्रमाणे ज्या दिवशी त्यांचा ३१वा वाढदिवस होता, त्याच दिवशी जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर त्यांचं दफन झालं. हे वाचताना आजही गलबलून येतं.

‘शेमा इस्राएल’ म्हणजे ‘हे इस्राएल, ऐक, परमेश्वर एकच आहे’ ही ज्यू माणसाने मरणाच्या वेळी उच्चारायची प्रार्थना. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने शतकानुशतकं जपली, ती हीच.

एक गोष्ट लक्षात ठेवा: हे शेवटचे शब्द आपल्याला कळले ते जवळ असलेल्या जवानांच्या सांगण्यावरून. शिवाय क्लाइन यांना इस्रायलचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं असं बरेच जण लिहितात, ते चूक. मरणोत्तर मिळालेलं ‘इतूर हाओझ’ हे दुसऱ्या क्रमांकाचं पदक आहे.