वाचकांचे प्रश्न : गूगलवर पहिले दिसले म्हणजे खरे का?

प्रश्न : बँकेच्या फोन क्रमांकापासून औषधाच्या मात्रेपर्यंत काहीही हवे असले, तरी आमच्या घरात सगळे गूगल उघडतात आणि जे सर्वांत वर दिसेल तेच प्रमाण मानतात. गूगलवर पूर्वीइतका विश्वास ठेवावा का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : शोधाशोध करण्यासाठी गूगल आजही उत्तम आहे, परंतु जे वर दिसेल ते प्रमाण मानण्याची सवय घरातून जायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिरातींवर चालणारे सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल, असे गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनीच १९९८ सालच्या आपल्या शोधनिबंधात लिहिले होते. आज त्यांनी उभारलेल्या कंपनीचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतूनच येते.

ही भीती निराधार नव्हती. विमानप्रवासाविषयी शोधल्यावर गूगल आपल्याच सेवेची चौकट ठळक जागी दाखवते, अशा आक्षेपांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला, की गूगलने सर्चमधील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली; फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलेच सर्च असावे म्हणून कंपनीने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली होती. गूगलचा दर्जा उत्तम असल्याचेही त्याच निकालात मान्य केले आहे आणि ते मलाही पटते. पण दर्जा चांगला असला म्हणून पहिली जागा निःपक्षपाती ठरत नाही.

आता तर दुव्यांच्याही वर यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, तयार केलेले उत्तर येते. मे २०२४ मध्ये अशाच एका उत्तराने पिझ्झ्यावरचे चीज निसटू नये म्हणून सॉसमध्ये कागद चिकटवायचा डिंक घालण्याचा सल्ला दिला होता. कोणीतरी गमतीने लिहिलेले यंत्राने खरे मानले होते. पिझ्झ्याच्या जागी औषधाची मात्रा असती तर? मात्रा डॉक्टरांना किंवा औषध दुकानातील फार्मासिस्टलाच विचारावी.

एकदा घरच्यांना शेजारी बसवून एखादी वस्तू शोधून पाहा. वरच्या काही दुव्यांपाशी ‘प्रायोजित’ असे लिहिलेले आढळेल. ती जागा पैसे देऊन घेतलेली असते. बँकेचा क्रमांक मात्र नेहमी कार्डाच्या मागील बाजूवरून किंवा पासबुकातूनच घ्यावा, कारण भामटे खोटे ग्राहकसेवा क्रमांक इंटरनेटवर पेरून ठेवतात. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.