वीस वर्षांचा उशीर नाही, मागची दोन वर्षं नडतील

आठ ते अकरा वयात, म्हणजे 2001 ते 2004, घरातल्याच माणसाने अत्याचार केले, आता वय 32, दोन वर्षांपूर्वी डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डरचं (एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं पुढे येतात, तो आजार) निदान झालं, आणि प्रश्न एकच, "आता केस होईल का, की उशीर झाला?" ताई, तपशील वेगळे असतात पण हाच प्रश्न मला सारखा येतो.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा खास कायदा, तुम्हाला लागू नाही. तो 14 नोव्हेंबर 2012 पासून आला आणि मागच्या तारखेने शिक्षा देता येत नाही. तुमचं सगळं अडतंय मुदतीच्या कलमावर, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी खटले कसे चालवायचे तो कायदा) 468, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 514. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा आहे त्याला मुदतच नाही, म्हणजे आयपीसीचं, जुन्या दंड संहितेचं, 376 (बलात्कार) किंवा 377 (अनैसर्गिक संभोग) बसत असेल तर वीस काय तीस वर्षांनीही तक्रार होते. पण 2013 च्या आधी बलात्काराची व्याख्या फार तोकडी होती, त्यात न बसणारं बरंच काही 354 मधे विनयभंग म्हणून जायचं, त्याला तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा, म्हणून मुदत फक्त तीन वर्षं. नेमकं काय घडलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, ठीक आहे, पण तुमच्या वकिलाला ते सांगावंच लागेल.

354 वरच आलं तरी एक वाट आहे, जुनं 473, आता 519. उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरजेचं वाटलं तर कोर्ट मुदत बाजूला ठेवू शकतं. पहिल्या वीस वर्षांचं कारण तुमच्याकडे आहे, आठवणींत मोठाले खड्डे पडणं हे तर या आजाराचं लक्षणच आहे. पण निदानानंतरच्या दोन वर्षांचं काय सांगणार? काकू म्हणाली घरातच मिटवू, म्हणून थांबलात! बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येतच नाही, घरच्यांनी कागद केला तरी त्याला काही अर्थ नाही. आता पुढचा प्रत्येक महिना तुमच्याच विरुद्ध मोजला जाईल.

आणि डायरीची पानं फाडलीत, का तर अक्षर लहान मुलीसारखं होतं आणि आपणच लिहिलंय हे बघवेना. त्रास समजतो, पण राग आला मला वाचून. उरलेली पानं आहेत तशी ठेवा, मागाहून तारीख घालू नका, ऱ्हस्व-दीर्घही सुधारू नका. कोर्ट त्यांना किती वजन देईल हे आज सांगता येणार नाही, पण हात लावलेल्या पानाला काहीच वजन राहत नाही.

"आतली छोटी सांगते ते चालेल का?" कायद्याला साक्षीदार एकच, तुम्ही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता आलं की साक्ष चालते, आजाराचं नाव बघून कोणी अपात्र ठरत नाही. आठवतं ते सांगा, आठवत नाही तिथे तसंच सांगा, गाळलेल्या जागा भरू नका. समोरचा वकील थेरपिस्टने डोक्यात भरवलं असं म्हणणारच, त्यामुळे हिप्नोसिस झालं असेल तर आपल्या वकिलापासून लपवू नका.

कोर्टात तारखांवर तारखा पडतील, याचा मलाही वीट आलाय. पण साक्षीत मधेच मन सुटलं, दुसरंच कोणी पुढे आलं, तर थांबायची सोय मागता येते. साक्षीच्या वेळी मधे पडदा, पुरेशा विश्रांती, उलटतपासणीतले घटनेबद्दलचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत, हे सुप्रीम कोर्टाने 2004 मधेच सांगितलंय आणि 2022 मधे मानसिक आजार असलेल्या साक्षीदारांनाही व्हल्नरेबल विटनेस, म्हणजे खास जपावे लागणारे साक्षीदार, धरलंय. अर्ज मात्र आधी द्यावा लागतो.

या आठवड्यात डॉक्टरांकडे लेखी अर्ज देऊन रेकॉर्ड मागा, मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 च्या कलम 25 ने तो तुमचा हक्क आहे. निदानाची तारीख असलेला कागद सगळ्यात वर लावा आणि मग वकिलाकडे जा. एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर म्हणा, म्हणजे हद्द नसली तरी नोंदवून घेऊन योग्य स्टेशनला पाठवायची एफआयआर. आणि जबाबाच्या दिवशी संध्याकाळची थेरपिस्टची वेळ आधीच घेऊन ठेवा.