वेलनेसमध्ये करिअर करायचंय? मग न येणाऱ्यांना आधी गाठ

प्रश्न : मी औद्योगिक मानसशास्त्रात एम. ए. करते आहे. इंटर्नशिपमध्ये पाहिलं, की वेलनेस उपक्रमाला, म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी राबवते त्या उपक्रमाला, बक्षीस लावलं की गर्दी होते आणि महिन्याभरात लोक गळतात. कर्मचारी अशा उपक्रमांत नेमके कशासाठी येतात? या क्षेत्रात करिअर करावं का?

उत्तर : करावं, जरूर करावं. तुला गर्दीबरोबर गळतीही दिसली, म्हणून तर मी हे इतक्या खात्रीने सांगतो आहे.

बक्षिसाने माणसं येतात, यात शंका नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ पासून आपल्याच सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. बक्षीस नसताना आरोग्य तपासणी पूर्ण करणारे ४७ टक्के होते. १०० डॉलर देऊ केल्यावर ते ५९ टक्के झाले, २०० डॉलरला ६३. पहिल्या शंभर डॉलरने शंभरामागे बारा माणसं वाढवली, दुसऱ्या शंभराने जेमतेम चार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जे आले त्यांचा दवाखान्याचा खर्च उपक्रम सुरू होण्याआधीपासूनच न आलेल्यांपेक्षा कमी होता. ज्यांना गरज जास्त, ते घरीच राहिले.

येणाऱ्यांची कारणं तशी साधी असतात. कुणाला फुकटात साखर आणि रक्तदाब कळतो, कुणाच्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण जाते म्हणून तीही जाते, कुणाला वाटतं की नाही गेलो तर साहेबांच्या लक्षात येईल. यातला तिसरा सगळ्यात आधी गळतो. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला स्वनिर्धारणाचा सिद्धांत तू अभ्यासला असशीलच : निर्णय आपला आहे, हे आपल्याला जमतंय आणि सोबतची माणसं आपली आहेत, असं वाटलं की माणूस टिकतो.

आता न येणाऱ्यांकडे बघ. व्यायामाचा वर्ग दुपारी चारला, आणि कॉल सेंटरमधल्या मुलीला हेडसेट उतरवून दहा मिनिटं उठायलाही सुपरवायझरची परवानगी लागते. तिला आपण आळशी म्हणायचं? किंवा तपासणीचा फॉर्म घे. ‘झोपेसाठी गोळ्या घेता का?’ असा प्रश्न आणि त्याच पानावर वर कर्मचारी क्रमांक. ही माहिती कुणाकडे जाणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मीही तो फॉर्म भरला नसता.

कामाच्या संधी एचआर विभागात, विमा कंपन्यांत, आरोग्य सल्लागार संस्थांत आहेत. मात्र संख्याशास्त्र टाळू नकोस. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांच्या एका अमेरिकन अभ्यासात दीड वर्षानंतर उपक्रम नसलेल्या ठिकाणांपेक्षा उपक्रमाच्या ठिकाणचे जास्त लोक ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ म्हणाले. रक्तदाब, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. असे निकाल नीट वाचून मालकाला स्पष्ट सांगू शकणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत. हजेरीचे आकडे रंगवून दाखवणारे भरपूर आहेत.

प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल, तर इंटर्नशिपच्या ठिकाणी पुन्हा जा आणि एकदाही न आलेल्या पंधरावीस जणांशी बोल. नावं लिहून घेऊ नकोस, एचआरच्या माणसाला सोबत नेऊ नकोस, आणि रात्रपाळीच्या लोकांना भेटायला रात्रीच जा.