टर्मिनलवर चालणारा, स्क्रिप्टने वाढवता येणारा ऑडिओ प्लेअर कोणता घ्यावा: एमपीव्ही (mpv) की सीमस (cmus)?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: या दोहोंपैकी कोणता घ्यावा, आणि माउसने चालणारे प्लेअर असताना टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीचा, खटाटोप कशासाठी. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. हजारो गाण्यांचा संग्रह कलाकार आणि अल्बमनुसार चाळायचा असेल तर सीमस घ्या; एकच ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा बारकाईने ऐकायचे असेल तर एमपीव्ही. दुसरा प्रश्न मात्र माझे थोरले बंधू मला गेली सहा वर्षे विचारत आले आहेत, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

माझ्या वडिलांनी १९८०च्या दशकात आपल्या गुरुजींच्या तालमी घरच्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांच्या पश्चात आम्ही त्या ४१ कॅसेटी संगणकावर उतरवल्या. कॅसेटची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटांची एक फाइल, आणि तिच्यात गाणे कमी, शिकवणे जास्त; बंदिशीची एखादी ओळ २२व्या मिनिटाला अर्धी सांगितलेली आणि ३७व्या मिनिटाला पुरी केलेली. अशा जागा नोंदवून ठेवल्याशिवाय त्या ठेव्याचा उपयोग नव्हता. दादांनी ते काम फोनवरच्या एका देखण्या ॲपमध्ये दोन महिने नेटाने केले, आणि ॲपची नवी आवृत्ती आली तेव्हा सगळ्या खुणा नाहीशा झाल्या. त्या बाहेर काढून ठेवण्याची सोय ॲपमध्ये मुळातच नव्हती.

मी एमपीव्हीसाठी लुआ भाषेत जेमतेम ३० ओळींची स्क्रिप्ट (प्लेअरला नवे काम शिकवणारा छोटा प्रोग्राम) लिहिली. कळ दाबली की ती चालू फाइलचे नाव आणि त्या क्षणाचा सेकंद प्लेअरला विचारते आणि साध्या मजकूर फाइलच्या शेवटी एक ओळ जोडते. स्क्रिप्ट ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की प्लेअर सुरू होताना ती आपोआप उचलली जाते; ती आधी यंत्रभाषेत बदलून (कंपाइल करून) घ्यावी लागत नाही. सापडलेली जागा घोकण्यासाठी तर स्क्रिप्टही लागत नाही: इंग्रजी एल ही कळ सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा दाबली की तेवढाच तुकडा फिरत राहतो.

खरी अडचण पुढेच होती. काही कॅसेटी सेल उतरलेले असताना भरल्या गेल्या होत्या. तेव्हा फीत सावकाश फिरली, म्हणून चांगल्या यंत्रावर तेच गाणे चढे ऐकू येई. गुरुजींची पट्टी (हार्मोनियमवरची) काळी एक, आणि फाइलमध्ये ऐकू येणारी पांढरी दोन, म्हणजे अर्ध्या सुराने वर. एमपीव्ही एरवी वेग बदलला तरी स्वराची उंची कायम राखतो, आणि अवघड तान सावकाश ऐकताना ते फार उपयोगी पडते. इथे मात्र मी उंची राखणारी ती दुरुस्ती बंद केली आणि वेग ०.९४४ पट ठेवला, तेव्हा स्वर बरोबर अर्ध्या सुराने उतरला आणि लयही मूळच्या जागी आली. आता फाइलच्या नावात ‘चढी’ हा शब्द दिसला की दुसरी एक छोटी स्क्रिप्ट हे सारे आपणहून करते. त्या संध्याकाळी काळी एकमध्ये लावलेला तंबोरा आणि गुरुजींचा षड्ज एकमेकांत मिसळले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले.

दादांचे म्हणणे असे की ऐकणाऱ्याने यंत्रात डोके घालू नये. मला ते साफ अमान्य आहे. वडील स्वतः पेन्सिलीने फीत गुंडाळत आणि हेड पुसत. यंत्राची काळजी हा त्यांच्या ऐकण्याचाच भाग होता. ज्या प्लेअरला आपले काम शिकवता येत नाही, त्याच्या हाती असा ठेवा देऊ नये.

एक सावधगिरी सांगायची राहिली. लुआ स्क्रिप्टला तुमच्या खात्याचे सगळे अधिकार मिळतात, तेव्हा कोणाचीही स्क्रिप्ट न वाचता फोल्डरमध्ये टाकू नका. शिवाय लुआचा आधार वगळून बांधलेल्या एमपीव्हीवर ती चालणारच नाही, हे आधी तपासा. आणि नुसती पार्श्वभूमीला गाणी लावायची असतील, तर यांपैकी कशाचीच गरज नाही. तेवढ्यापुरते दादांचे बरोबर आहे, आणि हे मी त्यांनाही सांगितले आहे.