१२ बाय १२च्या खोलीसाठी स्वस्तातला एव्ही रिसीव्हर हवाय. ५.१ पुरेल की ७.२ घेऊ?

५.१चाच घ्या (म्हणजे पाच चॅनेल किंवा स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर; ७.२ म्हणजे सात आणि दोन). टीव्ही वगैरेंचा आवाज स्पीकरना पुरवणारा यामाहा आरएक्स-व्ही३८५सारखा साधा रिसीव्हर एवढ्या खोलीला पुरून उरतो. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ७.२चे मागचे दोन स्पीकर लावणार कुठे? खोक्यावरच्या वॉटना भुलू नका: तो आकडा बहुतेकदा एक-दोन चॅनेल वाजवून मोजलेला असतो, पाचही एकदम वाजले की खाली येतो. त्यापेक्षा रिसीव्हर फिरवून मागची बाजू बघा. सेट-टॉप बॉक्स, गेम वगैरे धरून पुरेसे एचडीएमआय इनपुट हवेत आणि आउटपुटवर ‘एआरसी’ छापलेलं हवं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने परत येतो. (केबल टीव्हीच्याही एआरसीवाल्याच पोर्टात खुपसा, बहुतेक गडबड तिथेच होते.) फक्त डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी (यात आवाज डोक्यावरूनही येतो) या पाचांच्या जोडीला वरचे दोन स्पीकर लावायचे असतील, तर मात्र सात चॅनेलचा अ‍ॅटमॉसवालाच लागेल.