झोपाळा कुठे आहे?

"सासूबाई 71 वर्षांच्या. दुपारी एक ते चार मालिकांचे आदल्या दिवशीचे भाग, संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा नवे. मुलीचा अभ्यास होत नाही. मी बोलले की अबोला. गेल्या मे महिन्यात झोपाळा काढून ओटी मोकळी केली, मोठा टीव्ही लावला, तेव्हापासून तर फारच. डिशचं रिचार्ज बंद करू का?"
– एक सून, गुहागर तालुका

रिचार्जला हात लावू नका. आधी मला सांगा, तो झोपाळा कुठे आहे?

तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंत आणि मी तिथेच अडकले. पाखाडीवरून कोण चाललंय, कोणाच्या पिशवीत कोणती मासळी, "काय गो, आज उशीर?" हे सगळं त्या झोपाळ्यावरून चालत असणार. मांडीवर वातींचा कापूस. मधेच उठून तुळशीपाशी, नाहीतर कोणाला हाक मारत कुंपणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत. जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं चांगली हालचाल करायला सांगते. ती झोपाळ्यावरून उठणाऱ्या बाईला जमते, सात तास खुर्चीत रुतलेल्या बाईला कशी जमावी?

'मोकळी केली' हा तुमचा शब्द मला टोचला. जिथे बसून त्या गावाशी बोलायच्या तिथे तुम्ही पडदा लावलात. आता त्या पडद्यातल्या सुनांची काळजी करतात, तर त्याचा राग येतो तुम्हाला? मालिकेचा भाग ऐन प्रसंगात तुटतो, तो मुद्दामच तसा तोडलेला असतो. पुढे काय होईल ही हुरहुर माणसाला लागतेच. सासूबाईंना ती पूर्वी पाखाडीवरच्या माणसांची होती.

तेव्हा येत्या रविवारी सुताराला बोलवा. तुळईच्या कड्या असतील तर उत्तम, नसतील तर नव्या ठोका. झोपाळा ओटीवर, टीव्ही माजघरात. आणि ताटं घेऊन तुम्ही सगळे त्याच्यासमोर बसत असाल तर तेही थांबवा. कोणत्या दोन मालिका बघायच्या ते सासूबाईच ठरवतील. मुलीला अभ्यासाला वरच्या खोलीत बसवा, एवढं पुरे.

पहिल्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी तुम्ही बसा. कापूस दोघींच्या मध्ये ठेवा. बोलल्या नाहीत तर तुम्हीही गप्प राहा, पायाने झोका मात्र तुम्ही द्या.