आयईएल्ट्सचा ग्राफ लिहिताना

भाऊ, आयईएल्ट्स म्हणजे इंग्रजीची परीक्षा. तिच्या अकॅडमिक प्रकारात लेखनाच्या टास्क वनले, म्हणजे ग्राफ-तक्त्याचं वर्णन करायच्या प्रश्नाले, किमान 150 शब्द, वेळ साधारण 20 मिनिटं. टास्क टूचं, म्हणजे निबंधाचं, वजन दुप्पट, म्हणून इथं रेंगाळू नको. प्रश्नातलं वाक्य आपल्या शब्दांत लिही, मग ओव्हरव्ह्यू: काय वाढलं, काय घसरलं. त्यात आकडे नको. ते खाली, तेही ठळक तेवढेच. ‘रोझ टू’ म्हणजे शेवटचा आकडा, ‘रोझ बाय’ म्हणजे फरक. इथं लय पोरं अडकतात. अन् कारणं अजिबात नाही! कापसाचा भाव पडलेला दिसला की आपला पेन सरळ बोंडअळीवरच जाते. परीक्षकाले बोंडअळीशी काय घेणं? सरावाले पेपरातला बाजार समितीच्या भावांचा तक्ता घे, घड्याळ लावून लिही.